लोणार : गाव, देऊळ आणि दप्तर



दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी आपण इतके जण येथे जमलात, ते काही आमच्या वक्तृत्वाच्या लोभाने नव्हे, हे आम्ही ओळखून आहोत. वसंतातली ही ज्ञानसत्रे आपल्याकडची जुनी चाल आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात ती पाडली, आणि गावोगावच्या माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ती चालविली. चालकांनी आम्हांला विषय देताना एवढेच सांगितले की, जिल्ह्यातील एखाद्या जुन्या स्थानाविषयी बोला. आम्ही लोणार निवडले. पण आरंभ मात्र आम्ही लोणारापासून करणार नाही. आधी आपल्याला थोडे लांब, फ्रान्स देशात न्यावयाचे आहे. घाबरू नका, मुक्कामाला आपण लोणारलाच येऊ.

फ्रान्सच्या पूर्वभागात बर्गंडी नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तेथे क्ल्यूनी नावाचे एक गाव आहे. वस्ती चार-पाच हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. सन 910 च्या सुमारास अ‍ॅक्विटेनच्या विल्यम नावाच्या सरदाराने आपली तेथील जमीन ख्रिस्ती संन्याशांच्या मठाला दान केली. दानपत्रात त्याने अशी अट घातली की, या मठाच्या मालमत्तेला कोणा राजाने, सरदाराने किंवा धर्माधिकाऱ्याने हात लावू नये. मठ वाढला. त्याच्या शाखा युरोपभर पसरल्या. 1088 साली तेथे नवे देवालय बांधावयास घेतले, ते पुरे झाले तेव्हा लांबीला सुमारे 187 मीटर भरले. रोमचे आजचे सेंट पीटरचे देवालय सोळाव्या-सतराव्या शतकांत उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे देवालय नव्हते. मठाला धान्य लागे, दारू लागे, कापड लागे, मेण लागे. म्हणून मठाभोवती शेतकरी, गवंडी, लोहार, व्यापारी यांची वस्ती झाली. तेच क्ल्यूनी गाव. मठ आधी, गाव मागाहून.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. 1790 साली मठ बंद झाला. 1798 साली इमारत विकली गेली, आणि घेणाऱ्यांनी ती दगडांची खाण म्हणून वापरली. सुरुंग लावून भिंती पाडल्या, गाडीच्या हिशेबाने दगड विकले. 1823 पर्यंत हे काम चालले. एवढ्या थोर देवालयाचा आज जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे. एका बाजूचा मनोरा आणि त्याच्या लगतचा भाग. लोकांनी आपलीच वास्तू आपल्याच हातांनी खाल्ली.

परंतु या कथेची दुसरी बाजू पाहा. त्या मठाने पिढ्यान्‌पिढ्या आपले दप्तर नीट ठेवले होते. कोणी शेत दिले, कोणी गिरणी दिली, कोणाशी तंटा झाला, तो कसा मिटला, हे सारे कातड्यावर लिहून ठेवलेले. त्यांतले पुष्कळ कागद क्रांतीच्या धामधुमीतून वाचले, आणि 1876 ते 1903 या काळात सहा मोठ्या खंडांत ते छापून निघाले. दहाव्या-अकराव्या शतकांतील एखाद्या साध्या कुणब्याचे नाव, त्याच्या बायकोचे नाव, त्याच्या शेताच्या चतुःसीमा आज तेथे वाचता येतात. क्ल्यूनीचे दगड गेले, पण दप्तर राहिले.

आता आपण लोणारला येऊ. तेथे नेमके उलटे झाले आहे. लोणारचे दगड राहिले आणि दप्तर गेले. आजच्या व्याख्यानात आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचा सारा त्याचा विस्तार आहे.

मेहकरच्या दक्षिणेस लोणार. गावाजवळ पोहोचेपर्यंत काही दिसत नाही, आणि एकाएकी पायांखालची जमीन संपते. खाली एक प्रचंड वाटोळी द्रोणी, तिच्या तळाशी पाणी. द्रोणीचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, काठापासून खोली सव्वाशे ते दीडशे मीटर. लहानपणी आम्ही पहिल्यांदा तेथे उभे राहिलो तेव्हा बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी लवणासुराची कथा सांगितली. हा दैत्य भूमीच्या पोटात राहून लोकांना छळी. विष्णूने त्याच्या घराचे झाकण उडविले, त्याला मारले. तेच हे विवर, आणि खारे पाणी त्या दैत्याच्या देहाचे. देवाचे नाव तेव्हापासून दैत्यसूदन.

ही कथा ऐकून आज कोणी हसेल. आम्ही हसत नाही. अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने 1823 साली या जागेची नोंद केली, आणि त्यानंतर दीडशे वर्षे विद्वानांत वाद चालला की हे ज्वालामुखीचे तोंड की आणखी काही? 1973 साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी खोल भोके पाडून काढलेल्या नमुन्यांवरून दाखवून दिले की, आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने हे विवर झाले. काळ्या बसाल्ट खडकात अशनीने केलेली एवढी स्पष्ट विवरे पृथ्वीवर फार विरळा. वयाविषयी मात्र दोन मोजण्या आहेत. एकीने सुमारे 52 हजार वर्षे येतात, तर 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. पण आमच्या पूर्वजांनी, यंत्र नाही, भिंग नाही, नुसत्या डोळ्यांनी एवढे ओळखले की ही जागा सामान्य नव्हे. येथे वरून काही तरी आले आणि भूमी फुटली. त्यांनी ते कथेच्या भाषेत सांगितले. कथा म्हणजे शास्त्र नव्हे, हे खरे. पण कथा म्हणजे खोटे, असेही नव्हे.

आता प्रश्न असा की, अशा ठिकाणी गाव का वसावे? तळ्याचे पाणी तर तोंडात घेववत नाही. उत्तर काठावरच आहे. द्रोणीच्या उतारावर गोड्या पाण्याची धार आहे. गोमुखातून ती अखंड पडते, आणि तिच्याभोवती देवळे दाटली आहेत. खाली खारट पाणी, वर गोडे पाणी. एकाच जागी दोन चमत्कार. यात्रेकरूला धारेचे स्नान हवे, आणि व्यापाऱ्याला तळ्याचा खार हवा. दोघांच्या पायांनी वाट पडली, वाटेवर बाजार बसला, बाजाराचे गाव झाले. तळ्यातला खार साबण करणारे, काच करणारे, कापड रंगविणारे नेत. म्हणजे क्ल्यूनीत मठामुळे गाव झाले, तसे लोणारात केवळ देवळामुळे गाव झाले असे म्हणता येणार नाही. येथे पाण्याने गाव वसविले, आणि देवळाने ते टिकविले.

गावाच्या वस्तीत दैत्यसूदनाचे देऊळ उभे आहे. पूर्वाभिमुख, उंच जोत्यावर. गाभाऱ्याची बाहेरची बाजू ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे कोनाकोनांनी फिरविलेली. एकही सबंध सपाट भिंत नाही. त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन आणि सावली त्या दगडांवर जागा बदलीत राहतात. आत छतांवर पुराणकथा कोरल्या आहेत. त्या मान वर करून, डोळे अंधाराला सरावल्यावरच दिसतात. आमची प्रार्थना आहे की, पुढच्या खेपेला जाल तेव्हा देवाला नमस्कार करून लगेच बाहेर पडू नका. पाव घटका तेथे बसा. मग छत आपोआप बोलू लागते.

या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण ज्या बांधणीला आपण त्याचे नाव देतो ती त्याच्याही फार आधीची आहे. अंबरनाथचे शिवालय शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. आपल्या जिल्ह्यातच साकेगाव, सातगाव, कोथळी येथे त्या परंपरेची देवळे आहेत, मेहकरात जुनी दगडी धर्मशाळा आहे. ही सारी कामे एका माणसाची नव्हेत. कल्याणीच्या चालुक्यांपासून देवगिरीच्या यादवांपर्यंत दोन-अडीच शतके या मुलखात दगड घडविणारी कुळे होती, त्यांना पोसणारी गावे होती. नाव मात्र मंत्र्याचे राहिले, पाथरवटाचे राहिले नाही. जगाची रीतच ती.

आता दप्तराकडे वळू. कोणी म्हणेल, आपल्याकडे देवळांचे हिशेब लिहीतच नसत. आपण पडलो परलोकाकडे डोळे लावणारे लोक. हे साफ चूक आहे. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख पाहा. शके 1195 पासून पुढे विठ्ठलाच्या देवळाला कोणी किती दिले याची ती यादीच आहे. तीत रामचंद्रदेव राजाही आहे आणि हेमाद्रीही आहे. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे शके 1128 चा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला. त्या मठाला काय काय मिळावे, हे त्या लेखात लिहिले आहे, आणि शेवटी तर चक्क मराठीत लिहिले आहे. बाजारातल्या देण्याघेण्यावर इतके, घाण्यामागे तेल इतके. म्हणजे क्ल्यूनीच्या संन्याशांना ठाऊक होते तेच पाटणच्या ज्योतिष्यांना ठाऊक होते, की विद्या आणि देव या दोघांनाही रोजचे तेलमीठ लागते, आणि ते कोठून येणार हे लिहून ठेवावे लागते.

मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो असा. क्ल्यूनीचा मठ ही एक अखंड संस्था होती. एक महंत गेला, दुसरा बसला. पेटी तीच, किल्ली तीच. आपल्याकडे देवळाचे काम गुरव, पुजारी, उपाध्ये यांच्या घराण्यांत वाटले गेले. सनद घराच्या पेटीत गेली. घर वाढले, भाऊ विभक्त झाले, पेट्याही विभक्त झाल्या. एका भावाकडे सनद, दुसऱ्याकडे तिची नक्कल, तिसऱ्याकडे नुसता वाद. संस्था एक असती तर दप्तर एक राहिले असते. घरे शंभर झाली, तेव्हा दप्तराचे शंभर तुकडे झाले, आणि तुकड्यांना वाळवी लवकर लागते.

तरीसुद्धा लोणारचा कागद अगदीच नाही असे नव्हे. आणि तो कोणी जपला हे ऐकून आपणांस नवल वाटेल. तो महानुभावांनी जपला. श्रीचक्रधर स्वामी तेराव्या शतकात या मुलखात फिरले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी हिंडून, विचारून, तपासून गोळा केल्या. तोच लीळाचरित्र हा ग्रंथ. त्यात लोणार आहे, मेहकरही आहे. लोणारच्या मुक्कामी देवगिरीचा राजा कान्हरदेव स्वामींच्या भेटीस आल्याची लीळा आहे. हा कान्हरदेव म्हणजे कृष्ण यादव. त्याचे राज्य तेराव्या शतकाच्या मध्याचे. राजाला ज्या गावी येणे-जाणे पडे, ते गाव तेव्हा आडबाजूचे नव्हते, एवढे यावरून उघड होते. पुढे चौदाव्या शतकात स्थानपोथी लिहिली गेली. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, हे सारे तीत टिपले आहे. भक्तीने लिहिलेली पोथी आज भूमापनाच्या कामी येते!

विचार करा, बंधुभगिनींनो. मूर्तिपूजेकडे पाठ फिरविलेल्या पंथाने आपल्या देवळांच्या जागा लिहून ठेवल्या, आणि देवळांच्या मालकांनी त्या लिहिल्या नाहीत. पंथाने हे ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती सकळा लिपी उलगडली. पुढे लीळाचरित्र आणि स्थानपोथी यांची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी सिद्ध केली ते डॉक्टर विष्णु भिकाजी कोलते आपल्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातील नरवेल गावचे, 1908 साली जन्मलेले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या या माणसाने आयुष्याची वर्षे ज्या पोथ्यांत घातली, त्या पोथ्यांत आपल्या पायांखालची गावे आहेत. जिल्ह्याचे ऋण असे फेडावे लागते.

दुसरा कागद दिल्ली-आग्र्याकडचा. वऱ्हाड 1596 साली मोगलांकडे गेले. अबुल फजलने ऐने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे. मेहकर हे तेव्हा एका सरकारचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, ठाणे. त्या वर्णनात लोणारही आहे. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात हे आहे, आणि काच व साबण यांना लागणारे द्रव्य येथे मिळते, त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न येते हेही आहे. एका नोंदीत तीर्थही आले आणि महसूलही आला. बादशहाच्या चिटणिसाला दोन्ही दिसले. गेली काही शतके आपल्याला मात्र दोहोंपैकी एकच दिसत आले आहे.

आता आजचे बोलू. क्ल्यूनीला जे झाले ते लोणारला झाले नाही, याचे श्रेय कोणाला द्यावे? आमच्या मते पूजेला. जेथे दिवा लागतो तेथला दगड कोणी उचलून नेत नाही. कमळजा देवीची नवरात्रातली यात्रा भरते, धारेवर स्नान होते, म्हणून ती देवळे उभी राहिली. ज्यांत दिवा लागेनासा झाला, त्यांची छपरे खचली. हे पूजेचे उपकार मान्य करूनही आणखी एक गोष्ट बोलावी लागते. पूजेनेच तेल, शेंदूर आणि चुना यांचे थर चढतात, आणि त्यांखाली कोरीव नाक-डोळे नाहीसे होतात. देवावरचे प्रेम शिल्पावर उठू नये, एवढी जाण आपल्याला ठेवता येईल.

सरोवराचेही तसेच. 2020 सालच्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले आणि देशभर लोणारचे नाव गाजले. क्षारप्रिय सूक्ष्म जीवांच्या वाढीने तो रंग आला, असे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. त्याच वर्षी रामसर करारान्वये जपावयाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत लोणार गेले. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरच्या काही देवळांना पाणी लागले. ज्या पाण्याने गाव वसविले, तेच पाणी आज दगडांपर्यंत आले. वर गावात आपण काय सांडतो, काय उपसतो, शेतात काय टाकतो, ते सारे अखेर त्या द्रोणीतच उतरते. देवळाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न लोणारात वेगळे काढता येत नाहीत; पूर्वीही येत नव्हते.

कोणी म्हणेल, सरकारचे पुरातत्त्व खाते आहे, वनखाते आहे. आम्ही चार नागरिकांनी काय करावयाचे? आम्ही असे म्हणतो की, दगडांची राखण खाते करील, पण तुमच्या माळ्यावरच्या पेटीची राखण कोणते खाते करणार? आम्ही स्वतःचीच गोष्ट सांगतो. आमच्या एका आप्ताच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचा एक बस्ता होता. तो एकदा सवडीने पाहू असे आम्ही तीन वर्षे म्हणत होतो. चौथ्या वर्षी गेलो, तेव्हा घराच्या मालकाने खाली आणून दाखविला तो लाल फडका आणि त्यात मूठभर माती. वाळवीने काम पुरे केले होते. घरमालक ओशाळला, पण खरे सांगावयाचे तर ओशाळावयाचे आम्ही होतो. त्या फडक्यात काय होते? कदाचित काहीच नसेल. कदाचित एखाद्या पाथरवटाचे नाव असेल. आता ते कोणालाच कळणार नाही.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. मोठ्या निधीचे नाही, स्मारकाचे नाही. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी ते उन्हात न घालता सावलीत वाऱ्यावर पसरावेत, झटकावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आजकाल प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. मूळ कागद कोणाला देऊ नका. आम्ही देखील मागितला तरी देऊ नका. फक्त त्याची प्रत ग्रंथालयात ठेवा. गावात मोडी वाचणारा कोणी म्हातारा शिल्लक असेल, तर एखाद्या मुलाला त्याच्याजवळ बसवा. आणि देवळात जाल तेव्हा मुलाला नुसता नमस्कार करावयास शिकवू नका. छताकडे बोट दाखवून विचारा, हे कोण, ते काय करीत आहेत? त्याला उत्तर आले नाही तर तुम्ही सांगा. तुम्हांला आले नाही तर दोघे मिळून शोधा.

क्ल्यूनीचे लोक आज कागदांवरून मोजमाप काढतात, पायाचे दगड उकरतात आणि नाहीसे झालेले देवालय मनात उभे करतात. आपल्यापुढे देऊळ उभे आहे, धार वाहते आहे, यात्रा भरते आहे. आपल्याला फक्त त्याचे दप्तर पुन्हा जुळवावयाचे आहे. त्यांचे काम अवघड होते. त्यांनी ते अंगावर घेतले. आपले त्या मानाने सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच ते उद्यावर पडत आले आहे.

 घरी गेल्यावर एकदा माळ्याकडे पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.